कान धर

ओझेलाचा कान भाजला तेव्हा तिला आधी वास आला. केस तापल्याचा नेहमीचा वास नव्हे. तो दर शनिवारी या स्वयंपाकघरात असतोच, पडद्याला, कॅलेंडरला, पावाच्या डब्यालासुद्धा लागलेला. हा जरा गोडसर होता, मांसाचा, आणि तिला वाटलं मावशीनं तव्यावर काहीतरी टाकलंय. मग टेन्सी मावशीचा हात थांबला. केस सरळ करायला गॅसवर तापवलेला लोखंडी कंगवा तिनं सिंकमध्ये टाकला, तो फस्सकन फुसकारला, आणि मावशी पुढे येऊन ओझेलाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"कान धर म्हटलं होतं ना?"

"धरला होता."

"कुठे धरला होतास? हात मांडीवर आहे तुझा."

ओझेलानं खाली बघितलं. हात मांडीवरच होता, उताणा, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखा.

"दुखत नाही?"

"नाही."

"अगं, साल निघालीय कानाची. माणूस भाजलं की 'आई गं' तरी म्हणतं. तुला तेवढंही सुचू नये?"

"कळलंच नाही, मावशी."

मावशीनं फ्रिजमधून लोणी काढलं आणि बोटभर कानाच्या वरच्या कडेला फासलं. लोणी गार होतं हे ओझेलाला कळलं, पण तेही पेपरात वाचल्यासारखं.  आईच्या मयताच्या दिवशी मावशीनं जशी नजर टाकली होती तशीच टाकली, काळजीची आणि थोडी संशयाची, या पोरीच्या आत कुणी राहतं की नाही याची खात्री करून घेतल्यासारखी.

आई मार्चमध्ये गेली आणि आता ऑगस्ट संपत आला होता. मेम्फिसचा ऑगस्ट, नदीवरून वारा येतो तोही तोंडावर ओलं फडकं टाकल्यासारखा. एवढ्या दिवसांत ओझेला एकदाही रडली नव्हती. दुःख वगैरे म्हणाल तर ते नव्हतंच. दुःख असतं तर बरं झालं असतं, दुःखाचं काय करायचं ते या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे, केक करून आणतात. हे दुसरंच काहीतरी होतं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल कसा आपला नसतो, चावला तरी कळत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. गल्लीतल्या सगळ्या पोरी आपले मूळचे कुरळे केस फुगवून गोल टोपलं करून फिरत होत्या, आणि ओझेला मात्र अजून दर शनिवारी मावशीच्या खुर्चीत बसून केस सरळ करून घेत होती, कारण आई असताना आई करायची आणि आता मावशी करते, आणि नको म्हणायला जो राग लागतो तोसुद्धा हल्ली वेळेवर येत नव्हता. आधी तिचा राग कसा नाकावर असायचा. शाळा सुटली तीही त्या रागापायी. संगीताच्या बाईंनी वर्गात सांगितलं की तुमच्या चर्चमध्ये जे चालतं त्याला गाणं म्हणत नाहीत, ओरडणं म्हणतात, आणि ओझेलानं पियानोचं झाकण एवढ्या जोरात आपटलं की बाईंची बोटं थोडक्यात वाचली. माफी माग म्हणाले. मागितली नाही. दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि मग न जाण्याचीच सवय झाली. तसाच एकदा ती राग घेऊन गॅडीसाहेबांच्या साप्ताहिकाच्या कचेरीत घुसली होती. म्हणाली, या आठवड्यात रेकॉर्डबद्दल ज्यानं लिहिलंय त्यानं ती ऐकलेलीच नाही, कारण चौथ्या गाण्यात ट्रंपेट नाहीच, आणि हा म्हणतो ट्रंपेट अप्रतिम. गॅडीसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "मग तू लिही ना, बाळ. तोंड तर बरंच चालतंय, हात चालतो का बघू." तेव्हापासून तिचं परीक्षण येतं, खाली फक्त ओ.बी. अशी अक्षरं. न्हाव्याच्या दुकानात लोकांची खात्री आहे की ओ.बी. म्हणजे कुणीतरी बायको सोडून गेलेला, पोटाच्या दुखण्यानं त्रासलेला म्हातारा आहे.

तिचा कान तयार झाला तो मात्र या खुर्चीतच. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी आई कंगवा तापवायची, फुंकर मारायची, आणि म्हणायची, "कान धर." मग ओझेला कान मुडपून बोटांनी दाबून धरायची, श्वास कोंडायची, आणि तो तापलेला लोखंडाचा तुकडा कुठे आहे ते फक्त आवाजावरून ओळखायची. केसांतलं मलम चुरचुरायचं. लांब असताना बारीक, जवळ आला की जाड. आई वर गुणगुणत असायची, आणि तिच्या गुणगुणण्यात जराशी फट पडली की समजायचं, आता कंगवा कानाशी आला. ज्याला आगीच्या इतक्या जवळ बसून ऐकावं लागतं त्याचा कान तयार न होऊन सांगतो कुणाला. आणि आज त्याच कानाला आग लागली आणि त्याला पत्ता नाही.

म्हणूनच तिला धसका बसला होता, धसका म्हणण्याइतकं काही बसत असेल तर. कारण बाहेरच्या खोलीत सोफ्यावर व्हर्डेलची रेकॉर्ड पडली होती, आणि तिच्या शेजारी ओझेलानं लिहिलेला कागद. सोमवारी गॅडीसाहेबांना द्यायचा होता. ते म्हणाले होते, "आपली पोर आहे ती, आपल्या माउंट नेबो चर्चच्या गायनमंडळातली, मोठ्या कंपनीनं रेकॉर्ड काढलीय तिची. मी तुला खोटं लिही म्हणत नाही. पण काय ऐकलंस ते नीट ऐकून लिही." नीट ऐकून. आठवडाभर ती ऐकतच होती. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं असं होतं की दुसरी कुणी असती तर तेवढ्यावर जन्म काढला असता. व्हर्डेल खालून सूर उचलते तो बादली विहिरीतून वर आल्यासारखा, सांडत, भरलेला. मग दुसऱ्या गाण्यात कुणीतरी व्हायोलिनं ओतली होती, केकवर साखर थापावी तशी, आत केक आहे की पुठ्ठा ते कळू नये अशी. मग एक बरं, एक उगीच. आणि दुसऱ्या बाजूचं तिसरं, ते संथ गाणं, सगळ्यांत मोठं, ज्याच्यावर बाईनं सगळा जीव लावलाय हे ऐकू येतं, ते साफ फसलेलं. ओळ म्हणते, थांबते, गरजेपेक्षा जास्त थांबते, ड्रमवाला तिला सोडून पुढे निघून जातो, मग ती घाईनं पुढची ओळ पकडते, धावत बस पकडल्यासारखी. एकदा नाही, प्रत्येक कडव्याला. ओझेलानं लिहिलं होतं: हे गाणं फसलंय. बाई इथं ताल सोडते. लिहिताना काही म्हणजे काही वाटलं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. ज्या गाण्यावर अख्खी वस्ती रुमाल काढून बसली होती ते ऐकताना हिला नुसत्या मात्रा दिसत होत्या. मग रेकॉर्ड थंड आहे की मी? मेलेल्या कानानं कुणाला फसलंय म्हणायचं? आणि कुणाला म्हणत होती ती, जिनं तिच्या आईच्या शवपेटीशेजारी उभं राहून गायलं होतं तिला.

त्या दिवशीचं तिला सगळं आठवत होतं, आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं. चर्चच्या, पांढऱ्या गणवेशातल्या नर्सबाया हातात पंखे घेऊन ओळीत उभ्या. दुःखानं कुणी बाई कोसळली की त्या तिला धरतात. ओझेलाच्या मागे दोघी उभ्या केल्या होत्या, आणि ती कोसळत नाही म्हटल्यावर त्या बिचाऱ्या अवघडून गेल्या होत्या. व्हर्डेल उठली. पहिली ओळ म्हणाली आणि थांबली. थांबलीच. मग इकडून तिकडून लोक, चर्चमधल्या कुठल्याही बाईला म्हणतात तसं सिस्टर म्हणत, बोलायला लागले, "सावकाश, सिस्टर, सावकाश. वेळ घे तुझा." माउंट नेबोत गाणारा कधीच एकटा गात नाही. चांगला गात असेल तर लोक 'सावकाश' म्हणतात, अजून राहा तिथंच, घाई नाही. वाईट गात असेल तर म्हणतात, 'देवा, सांभाळ रे त्याला.' जगातलं सगळ्यांत छोटं परीक्षण. ओझेलाला तर वाटायचं, याच्यापुढे कॉलमभर लिहिणं म्हणजे नुसती हमाली. आणि त्या सगळ्यांत तिच्या आईचं 'सावकाश' प्रसिद्ध होतं, कारण तेच मुळी सावकाश यायचं. गायनमंडळाच्या दुसऱ्या रांगेतून, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एक मात्रा मागून, लुव्हिनियाचा जाडसर आवाज. टाळीसुद्धा तशीच, मागून. पास्टर चेष्टा करायचे, "थांबा, लुव्हिनिया पोचू दे, तोवर देवही सुरू करत नाही." आई हसायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा उशिरा. त्या दिवशी व्हर्डेल थांबली, लोकांनी सावकाश म्हटलं, आणि तरी ती थांबूनच राहिली, आणि मग गायला लागली तेव्हा सूर उतरलेला होता. सगळे रडले. दोन म्हाताऱ्या आडव्या झाल्या. ओझेलाच्या मनात एवढंच आलं: सूर उतरला. आपल्या आईच्या मयताला. एवढंच.

दारावरची जाळी वाजली. सिस्टर व्हर्डेल आली होती, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कागदी पिशवीत पीच. रविवारी नदीकाठच्या हॉलमध्ये तिचा कार्यक्रम होता आणि एवढी मोठी कंपनी मागे असूनही केस करायला ती टेन्सी मावशीकडेच येत होती.

"मिस टेन्सी, तिकडं त्यांनी माझ्या डोक्याला काय लावलं ते तुम्ही बघूच नका."

"बघायला नको, वास येतोय. बस. ओझेला, ऊठ."

"अर्धंच झालंय माझं."

"अर्ध्या डोक्यानं लिहितेसच ना? ऊठ."

व्हर्डेल खुर्चीत बसली तेव्हा खुर्ची लहान दिसायला लागली. ती हसली की पुढच्या दोन दातांतली फट दिसते, आणि ती हसतच ओझेलाकडे बघत होती. "ओ.बी. म्हणजे तूच, होय ना? मला आजच कळलं. मी म्हणत होते कोण हा मेला, त्या बिचाऱ्या पोराबद्दल लिहिलं की घशात पावाचा तुकडा अडकल्यासारखा गातो."

"अडकल्यासारखाच गातो तो."

"गातो खरं. त्याच्या आईनं तो पेपर चूल पेटवायला वापरला." तिनं रुमाल सोडला. "कानाला काय झालं?"

"भाजला," मावशी म्हणाली. "आणि राणीसाहेबांना कळलंही नाही."

व्हर्डेलनं चष्मा काढून कान नीट बघितला. मावशीनं दुसरा कंगवा आगीवर धरला, कागदाला लावून बघितला, कागद तपकिरी झाला, फुंकर मारली, आणि सुरू केलं. चुरचुर. ओझेला ओट्याला टेकून उभी राहिली. जायला हवं होतं, पण कुठंही गेलं तरी सारखंच, म्हणून राहिली. थोड्या वेळानं व्हर्डेल तोंड मिटून गुणगुणायला लागली, खुर्चीत बसलेल्या सगळ्याच बायका गुणगुणतात तशी, आणि ओझेलानं ओळखलं, दुसऱ्या बाजूचं तिसरं. पहिली ओळ गेली. मग फट. मावशीचा कंगवा तिथल्या तिथं हवेत थांबला. फ्रिज घुरघुरत होता, सिंकमध्ये नळ ठिबकत होता, आणि फट संपत नव्हती, रेकॉर्डवर होती तेवढीच, केसभर इकडेतिकडे नाही. मग गुणगुणणं पुढे निघालं.

"तिथंच," ओझेला म्हणाली. "तिथं तुम्ही जास्त थांबता. ड्रमवाला निघून जातो."

"जातो ना. कितीदा तरी घेतलं ते. काचेपलीकडून तो पोरगा सांगतो, मॅडम, एक मात्रा जास्त होते. मी म्हटलं, होय बाबा, होते. परत घेतलं. परत तेवढीच."

"मग थांबता कशाला?"

"मी नाही थांबत," व्हर्डेल म्हणाली. "तुझी आई उशिरा येते."

मावशीनं कंगवा परत गॅसवर ठेवला. तो चांगला गरम होता, तरी ठेवला.

"माझ्या डाव्या खांद्यामागे उभी असायची ती, मी तुझ्याहून लहान होते तेव्हापासून. मी ओळ टाकायची, तिनं मागून सावकाश म्हणायचं, मग मी पुढे. हाडात बसलंय ते माझ्या. त्या खोलीत तर कुणीच नसतं, कानाला यंत्र लावून एकटीला उभं करतात. जागा सोडायची, आणि कुणी येतच नाही." ती पदराशी खेळावं तशी मांडीवरच्या रुमालाशी खेळत होती. "मयताच्या दिवशीही सोडली. सवयीनं. वाट बघत उभी राहिले आणि मग समोर नजर गेली, पेटीत कोण आहे ते दिसलं. तोवर सूर कुठल्या कुठे."

"लोकांना वाटलं तुम्हाला भरून आलं."

"भरून-बिरून काही आलं नव्हतं. राग आला होता मला. म्हटलं, ही बाई आजसुद्धा उशीर करते." ती हसली, दातांतली फट दिसली, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, कुणी उचलून न्यायला येईपर्यंत ठेवल्यासारखं. "तू काय लिहिलंस?"

"फसलंय म्हणून लिहिलंय."

"ओझेला," मावशी म्हणाली.

"फसलंयच ते, मिस टेन्सी. पोरीचा कान आहे. अजून काय लिहिलंस?"

"तुम्ही ताल सोडता, असं," ओझेला म्हणाली.

"हं," व्हर्डेल म्हणाली, आणि कंगव्यासाठी मान खाली घातली.

ओझेला बाहेरच्या खोलीत आली. अर्धे केस सरळ, अर्धे उभे, आरशात बघायलाच नको. रेकॉर्ड लावली, दुसरी बाजू, सुई तिसऱ्या गाण्याच्या काळ्या पट्टीवर टेकवली. तिला काही वाटत नव्हतं. आत्ता ऐकलं ते आत गेलं होतं आणि आत कुठेतरी जिन्यावर बसून राहिलं होतं, वर यायला तयार नव्हतं. बाजा वाजला, बास आला, व्हर्डेल आली. पहिली ओळ. फट. ओझेलाचं तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "सावकाश," अगदी बरोबर तालात, जिथं कुणीही म्हणेल तिथं. फट तरीही उरली. एवढीशी, ओकीबोकी, मागे. ड्रमवाला निघून गेला, बाई धावली.

तिनं सुई उचलली. परत मागे ठेवली. बाजा, बास, ओळ. या वेळी तिनं काही म्हटलं नाही, ताल आला तो जाऊ दिला, सगळी माउंट नेबो म्हणून गेली असेल एवढा वेळ जाऊ दिला, आता फारच उशीर झाला असं वाटेपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली. आवाज जाडसर निघाला. तो तिथं असा बसला की कडेला वाराही जाऊ नये, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून व्हर्डेलची दुसरी ओळ आली, आणि ती घाईत नव्हती. आठवडाभर घाईत होती तीच ओळ. ड्रमवाला मात्र तेवढाच पुढे गेलेला. दुसऱ्या कडव्यालाही तिनं म्हटलं. बसलं. रेकॉर्डमध्ये आईच्या मापाचं भोक होतं, आणि ते तिनं स्वतः, याच तयार कानानं, मोजून, चूक म्हणून लिहून ठेवलं होतं.

गाणं चालू ठेवून तिनं कागद घेतला. 'ताल सोडते' यावर रेघ मारली. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना. आईचं नाव पेपरात काय म्हणून घालणार, आणि वाचून न्हाव्याच्या दुकानात कुणाला काय कळणार. जागा तशीच ठेवली. 'फसलंय' तेही तसंच ठेवलं. फसलंय ते फसलंय, देवा, सांभाळ रे तिला.

आत चुरचुर कधीची थांबली होती. त्या दोघी ऐकत होत्या हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. गाणं संपलं, सुई रिकामी खरखरत फिरायला लागली, आणि स्वयंपाकघरात मावशीनं घसा साफ केला. कंगवा शेगडीवर घासल्याचा आवाज आला. फुंकर आली.

"कान धर," मावशी व्हर्डेलला म्हणाली.

बाहेर ओझेलाचा हात आपसूक वर गेला आणि तिनं आपला कान मुडपून, दोन बोटांत, लहानपणी धरायची तसा घट्ट दाबून धरला. बोटांना लोणी लागलं. मग, चांगल्या एका मात्रेनंतर, कळ आली, कानाच्या कडेवरून निघून दातांपर्यंत, डोळ्यांपर्यंत, आणि हात सोडायचा सोडून तिनं आणखी घट्ट धरला.

"आई गं," ती म्हणाली.